दुसरीकडचं इथे धरलं जाणार नाही

३ जून, मंगळवार

विद्यापीठातल्या बाईंनी सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलं. डायरी टायरच्या कंपनीनं दिलेली, कपाटात कोरीच पडून होती. बाई म्हणाल्या, "इथे रोज कोणीतरी काहीतरी वेगळं सांगेल. कोण काय म्हणालं ते लिहून ठेवत जा, नाहीतर डोकं फिरेल." विद्यापीठाच्याच माणसानं विद्यापीठाबद्दल असं म्हणावं म्हणजे प्रकरण साधं नसणार.

प्रकरण असं. चिंगी, आमची एकुलती एक लेक, दुसऱ्या शहरात लेखाशास्त्राची दोन वर्षं करून घरी परत आली. तिकडचं पाणी मानवत नाही म्हणते. उरलेली दोन वर्षं इथल्या विद्यापीठात करायची. मला वाटलं, तिकडचा दाखला इकडे दिला की झालं. तसं नसतं. जे शिकलं त्याचे क्रेडिट असतात. बाईंच्या दारावर त्याला 'श्रेयांक हस्तांतरण' असं भारदस्त नाव आहे. तिकडचा एकेक विषय हे लोक आपल्या विषयाशी लावून बघणार. जुळला तर त्याचे क्रेडिट धरणार, नाही जुळला तर सोडणार. चिंगीचे ऐंशी आहेत. निम्म्याहून जास्त धरले तर ती थेट तिसऱ्या वर्षात, त्याच विषयात. निम्म्याच्या आत राहिले तर पहिल्या वर्षापासून नवा प्रवेश, मग विषय कुठलाही घ्या.

"नवा प्रवेश काय करायचाय?" मी म्हणालो. "दोन वर्षं पाण्यात घालायला पाठवली होती का तिला?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मुलगी नाही आली?"

"तिला कशाला त्रास," मी म्हणालो. "मी आहे ना."

५ जून, गुरुवार

पहिला निकाल. ऐंशीपैकी अठ्ठावीस!

मी बाईंसमोर बसून एकेक विषय विचारला. लेखाशास्त्राचा पहिला भाग का नाही धरला? तर इथल्या पहिल्या भागात भागीदारीचा धडा आहे, तिकडे तो दुसऱ्या भागात आहे. बरं, मग दुसरा भाग का नाही? तर इथल्या दुसऱ्या भागात जे पाहिजे ते तिकडे पहिल्यात होऊन गेलंय. म्हणजे दोन्ही मिळून सगळं शिकली, पण एकेकटं बघितलं तर काहीच शिकली नाही. हे मी घरी येईपर्यंत तीनदा स्वतःला समजावून सांगितलं. तिन्ही वेळा नाही समजलं.

वर पर्यावरण म्हणून एक विषय आहे, त्याच्यापुढे शेरा: 'स्वीकारले. पदवीसाठी मोजले जाणार नाहीत.' मी विचारलं, स्वीकारले म्हणजे काय मग? बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही नाही म्हणत नाही." या बाईंची आणि आमच्या हिची ओळख करून द्यायला हवी.

घरी सांगायला जीभ रेटेना. शेवटी जेवताना सांगून टाकलं. चिंगी म्हणाली, "अठ्ठावीसच? असू दे बाबा." आणि भांडी घासताना चक्क शीळ घालत होती. पोरीचं काळीज मोठं आहे. मलाच धीर देते.

बाथरूमच्या खिडकीत दगड मांडून ठेवलेत वाळायला. आंघोळीनंतर हात टेकला तर एक टोचला. हे काय म्हणून ओरडलो तर ही म्हणाली, "अहो, तिचे आहेत ते. राहू द्या."

९ जून, सोमवार

आज माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बँकेतला एक नवा शिकाऊ आला. दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पंधरा दिवस शिकलोय म्हणाला, फक्त वळणं आणि गाडी मागे घेणं तेवढं शिकवा. मी त्याला भिंतीवरची पाटी दाखवली. मीच रंगवलेली आहे: 'दुसरीकडचे शिकलेले येथे धरले जाणार नाही.' तोंड वाकडं केलं, पण बसला. पहिल्या दिवशी काय असतं ते त्यालाही करायला लावलं. गाडीभोवती फिरा, टायर बघा, आरसे लावा, इंजिन सुरूच करायचं नाही.

चिंगी हल्ली सकाळी ऑफिसात फोन घ्यायला बसते. तो गेल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी कुणाचं धरता?"

"ते वेगळं," मी म्हणालो.

"कसं वेगळं?"

आता हे काय विचारायचं? चुकीची सवय घेऊन माणूस रस्त्यावर आला तर कुणाचा तरी जीव जाईल. ताळेबंद चुकला तर कोण मरतंय? शिवाय लोक दुसरीकडे काय शिकून येतात हे मला काय माहीत? कागदावर पंधरा दिवस असतील, त्यातले आठ दिवस शिकवणारा पानटपरीपाशी उभा असेल. हे बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की विद्यापीठाच्या बाई अगदी हेच म्हणाल्या होत्या, फक्त सभ्य शब्दांत. पण तरीही ते वेगळं आहे. कसं वेगळं ते उद्या शांतपणे लिहीन.

१२ जून, गुरुवार

ते लिहायचं राहिलंच.

बाई म्हणतात, तिकडच्या प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम आणा, कोणता धडा किती तास शिकवला त्यासकट. मग फेरतपासणी होईल. चिंगीला गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं. आधी म्हणाली हॉस्टेलवर राहिले. मग म्हणाली कॉलेज ते देत नाही. मग म्हणाली देतं, पण महिना लागतो. शेवटी मीच कॉलेजला फोन केला. तिथला माणूस इतका भला, दुपारच्या आत सगळं ई-मेलनं पाठवून दिलं.

मी नाचतच घरी आलो. "मिळाले!" म्हटलं.

"मिळाले?" चिंगी म्हणाली. तिचा आवाज बसल्यासारखा वाटला. हिला म्हटलं, पोरीला गरम पाणी दे गुळण्यांना. ही माझ्याकडे बघत राहिली. हल्ली ही माझ्याकडे फार बघते.

१४ जून, शनिवार

विचित्र शिकाऊ. दातांच्या डॉक्टर आहेत, पन्नाशीच्या आसपास. लायसन्स दहा वर्षांपूर्वीचं, दारात स्वतःची गाडी. मी म्हणालो, "मग तुम्हाला येतंच असेल, चार दिवस सराव करू."

त्या म्हणाल्या, "पाटी खरी आहे ना तुमची?"

"आहे की."

"म्हणून तर आले. मला पहिल्यापासून शिकवा. येतंय ते धरू नका."

आजवर पाटी बघून भांडणारे आले, गयावया करणारे आले. पाटीसाठी आलेलं माणूस पहिल्यांदाच बघितलं. गाडीभोवती फेरी मारताना डॉक्टरांनी प्रत्येक टायर वाकून बघितला.

१७ जून, मंगळवार

आज लेखाशास्त्राच्या विभागप्रमुखांना भेटलो. त्यांची खोली म्हणजे कपाटांच्या मधली गल्ली. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, "सर, भाग एक आणि भाग दोन वेगळे बघू नका. जोडीनं बघा. गाडी शिकवताना मी क्लच सोमवारी शिकवतो आणि गिअर मंगळवारी, दुसरा कोणी उलटं करत असेल. बुधवारी दोघांची गाडी चालतेच ना?"

सर हसले. दोन्ही भाग जोडीनं धरले. छत्तीस झाले!

निघताना त्यांनी विचारलं, "मुलीला आवडतं का लेखाशास्त्र?"

"शाळेत हिशोबात कधी चुकली नाही," मी म्हणालो.

"ते नाही विचारलं मी," ते म्हणाले, पण तेवढ्यात त्यांना फोन आला. काय विचारलं होतं मग?

चिंगीला वाटेतून फोन करून सांगितलं. म्हणाली, "बाबा, दमला असाल, या आता घरी." किती करते माझ्यासाठी.

१८ जून, बुधवार

गाडीतसुद्धा दगड! बँकेतल्या शिकाऊनं ब्रेक मारला आणि मागच्या सीटखालून एक गोटा गडगडत त्याच्या टाचेपर्यंत आला. पेडलखाली गेला असता तर? चिंगीला खूप बोललो. तिनं तो उचलून, लहानपणी फ्रॉकला पुसायची तसा ओढणीला पुसला आणि म्हणाली, "याच्यात बघा, शिंपल्याचा ठसा आहे." मी म्हटलं, शिंपला असो नाहीतर हिरा असो, शिकाऊ गाडीत नको.

२० जून, शुक्रवार

झालं! बेचाळीस! निम्म्याच्या वर!

शेवटची अडचण संगणकाच्या प्रात्यक्षिकाची होती. इथे दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक तास वर्ग असा हिशोब, तिकडे तसा नाही. मी बाईंच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलो. वर्गाचे तास कमी पडत होते, पण प्रात्यक्षिक इतकं होतं की निम्मं केलं तरी भरपाई होऊन वर उरत होतं. बाईंनी दोनदा पडताळलं, मग म्हणाल्या, "तुम्ही इथे नोकरी का करत नाही?" हा टोमणा होता की कौतुक ते कळलं नाही, पण मी कौतुक म्हणूनच घरी सांगितलं.

येताना आइस्क्रीमचा मोठा डबा आणला. चिंगीला म्हटलं, "तिसरं वर्ष! एक दिवससुद्धा वाया नाही!" तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि रडायलाच लागली. मलाही भरून आलं. महिनाभर पोरीनं मनावर किती ओझं घेतलं असेल, आणि वरून शीळ घालायची. आइस्क्रीम मात्र दोघींनी खाल्लं नाही. एकटा किती खाणार? उरलं ते वितळलं.

२३ जून, सोमवार

बाईंनी मंजुरीचा कागद दाखवला. हातात देईनात. तीस तारखेच्या आत विद्यार्थ्यानं स्वतः येऊन सही करायची.

"माझी चालेल की," मी म्हणालो.

"नाही चालणार. शिकली कोण?"

सहज विचारलं, सही नाही केली तर काय होतं? बाई म्हणाल्या, "धरलेले धरले जात नाहीत. विद्यार्थी म्हणू शकतो, मला नकोत. तसं लिहून द्यायचीही सोय आहे. हक्क आहे त्यांचा."

"शिकलेलं नको असं कोण म्हणेल?"

बाई कुंडीला पाणी घालायला उठल्या. त्या खोलीत एकच कुंडी आहे आणि मी गेलो की तिला पाणी मिळतं. "असतात," म्हणाल्या. "दर वर्षी दोघं-चौघं असतात. मुलीला घेऊन या हो एकदा."

येताना विद्यापीठाचं एक माहितीपत्रक आणलं, चिंगीला तिसऱ्या वर्षाचे विषय बघायला. घरी तेच पत्रक आधीच होतं. टेलिफोनखाली. भूशास्त्राच्या पानाशी दुमडलेलं. ही फोनखाली काहीही सरकवते.

२४ जून, मंगळवार

दातांच्या डॉक्टरांना आज चढ शिकवला. गाडी उत्तम चालवतात. खरं तर माझ्यापेक्षा गिअर हलका टाकतात. मी म्हटलं, "मॅडम, रागावू नका, पण तुम्हाला सगळं येतंय. पहिल्यापासून कशाला?"

त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला, आरसा बघितला. सगळं शिस्तीत. मग म्हणाल्या, "मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. क्लचवर पाय ठेवला की त्याचं ओरडणं ऐकू येतं. तो आता नाही, तरी येतं. शिकले ते खोटं नाही. पण ते घेऊन मला कुठे जाता येत नाही."

मी फडकं घेऊन डॅशबोर्ड पुसायला लागलो. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुम्ही शेजारी बसता आणि गप्प बसता, ते बरं वाटतं." उतरताना मी त्यांच्यासाठी दार उघडलं. असं मी कधी करत नाही.

दिवसभर ते वाक्य डोक्यात फिरतंय. शिकले ते खोटं नाही. मग अडचण काय आहे?

२८ जून, शनिवार

जे झालं ते आजच लिहून काढतो.

चिंगीनंच म्हटलं, बाबा, मला गाडी शिकवा. इतकी वर्षं मागे लागलो होतो तेव्हा नको होतं. तिकडे मैत्रिणीच्या गाडीवर शिकली होती थोडं. मी म्हटलं, पाटी माहीत आहे ना. हसून गाडीभोवती फेरी मारून आली.

चांगली चालवते. माझी मुलगी म्हणून सांगत नाही, खरंच. गावाबाहेरच्या रस्त्याला घेतली. जिथे टेकडी कापून रस्ता काढलाय तिथे तिनं वेग कमी केला आणि कापलेल्या कड्याकडे मान करून बोलायला लागली. हा तांबडा थर बघा, त्याच्यावरचा राखाडी बघा, त्या मधल्या रेघेत किती काळ गेलाय माहितीये का. महिनाभर घरात 'हो बाबा', 'नाही बाबा' एवढंच ऐकलं होतं. मी म्हटलं, रस्त्याकडे बघ. तिनं रस्त्याकडे बघितलं आणि तशीच, समोर बघत म्हणाली, "बाबा, मला सही नाही करायची."

माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्याचा. मी तो दाबला हे मला गाडी थांबल्यावर कळलं. भर रस्त्यात. मागून ट्रकनं असा भोंगा दिला की दोघंही उडालो. रस्त्यावर काही नव्हतं. कुत्रं नाही, माणूस नाही. वीस वर्षांत मी कारण नसताना तो ब्रेक कधी दाबलेला नाही.

चिंगीनं गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरच होते तिचे.

"बघा," ती म्हणाली. "हेच. म्हणून सांगता येत नव्हतं."

मग तिनं सगळं सांगितलं. तिकडचं पाणी छान मानवत होतं. लेखाशास्त्र मानवत नव्हतं. सगळ्या परीक्षा पास झाली, पण पुस्तक उघडलं की मिटून टाकावंसं वाटायचं. तिला भूशास्त्र करायचंय, पहिल्या वर्षापासून. अठ्ठावीस आले तेव्हा वाटलं, सुटले, आता कुणाला काही सांगावंच लागणार नाही. आणि मग मी धडे जुळवायला निघालो.

"मग मी महिनाभर काय केलं?" मी ओरडलो. मला राग आला होता, उगाच कशाला लपवू? "जिने झिजवले मी! बेचाळीस केले!"

"तुम्ही इतके आनंदात होतात, बाबा. मला वाटलं, तुमच्यासाठी करून टाकावं."

करून टाकावं. दोन वर्षं, माझ्यासाठी. आइस्क्रीमच्या दिवसाचं ते रडणं मला तिथे कड्याखाली बसून आठवलं आणि इतकी लाज वाटली की खिडकीबाहेर बघत राहिलो. तांबडा थर, राखाडी थर. मला दोन्ही सारखेच दिसत होते.

२९ जून, रविवार

हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अहो, ते दगड रोज पुसतं कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. गरम पाणी देऊन बोलले, बघून बोलले. तुम्ही विद्यापीठात होतात." मग जवळ बसली. "ती तुम्हाला सांगेल म्हणून थांबले. तिनं सांगायला हवं होतं, मी नाही."

रात्री नीट जेवलो नाही. दोन वर्षं पाण्यात गेली असं अजूनही वाटतं, ते खोटं कशाला लिहू? चार वर्षं पुन्हा. दगडांचं पुढे काय होतं मला काहीही माहीत नाही. तिला विचारलं, तर तिनं अर्धा तास सांगितलं. त्यातलं धरणांपर्यंतचं समजलं, पुढचं नाही.

३० जून, सोमवार

सकाळी चिंगी म्हणाली, मी जाते एकटी. मी म्हटलं, शिकाऊला एकटीला गाडी कशी देऊ? शेजारी बसलो.

विद्यापीठाच्या फाटकापाशी चढ आहे, माझ्या शिकाऊंना तिथे घाम फुटतो. समोरची गाडी थांबली, आम्हीही थांबलो, पुढची हलली तर आमची बंद पडली. मागे सरकायला लागली. माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. मी तो परत घेतला आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. तिनं ब्रेक दाबला, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागचा भोंगा वाजवतोय. मी आरशात बघितलं नाही, तिच्याकडेही बघितलं नाही. तिसऱ्यांदा गाडी चढली.

बाईंनी चिंगीला बघितलं आणि खुर्ची दिली. मला नाही दिली. चिंगीनं लिहून दिलं: मला माझे श्रेयांक नको आहेत. खाली सही. माझ्या बेचाळीसवर बाईंनी एक तिरकी रेघ मारली, पट्टी लावून, सरळ.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, ते पर्यावरणाचे, स्वीकारलेले पण न मोजलेले, ते भूशास्त्रात धरता येतील का? म्हणजे दगड पर्यावरणातच येतात ना?"

दोघी हसायलाच लागल्या. "बाबा, चला," चिंगी म्हणाली.

"येतील कदाचित," बाई म्हणाल्या. "तासांसकट अभ्यासक्रम आणा." मग कुंडीकडे गेल्या, पण पाणी नाही घातलं. "आणि या वेळी तिला आणू द्या."

ऑफिसात आलो तर बँकेतला शिकाऊ पाटीखाली वाट बघत बसला होता. पाटी काढावी का, असं क्षणभर वाटलं. नाही काढली. दातांच्या डॉक्टर उद्या येणार आहेत, त्यांना ती लागते. पण त्या माणसाला विचारलं, "तिकडे काय काय शिकलात, सांगा बरं." बिचारा गोंधळला. म्हणाला, आज असं का? मला तरी कुठे माहीत होतं.

संध्याकाळी घरी येताना पुन्हा चिंगीच चालवत होती. ती चालवत असताना हात मांडीवर ठेवायचे, तोंड बंद ठेवायचं, एवढं जमलं. पाय कुठे ठेवायचे ते मात्र मला अजून कळलेलं नाही.